रबराची वहाण

लग्नास जावयाच्या वहाणा निराळ्या आणि शेतात जावयाच्या निराळ्या, हे आपल्या पूर्वजांस पक्के ठाऊक होते. परंतु एकच जोड घालून दोन्हीकडे जावयाचे झाल्यास तो कसा निवडावा, याचा ऊहापोह कोणत्याही ग्रंथात केलेला आमच्या वाचनात नाही. गेल्या ज्येष्ठात हाच प्रश्न आमच्या धायरीच्या घरी उपस्थित झाला. फरक इतकाच की, वहाणा पायांच्या नसून मोटारसायकलीच्या होत्या. आणि निवड करण्यासाठी ज्यास बोलाविले तो मनुष्य गेली तीस वर्षे विद्यार्थ्यांस इंग्रजी काव्य शिकवीत आलेला, यंत्रांच्या बाबतीत पूर्ण अडाणी, आणि मोटारसायकल या वस्तूचा मनापासून धसका घेतलेला असा होता. तो मनुष्य म्हणजे अर्थात आम्हीच.

येथे थोडे घरचे सांगणे भाग आहे. आमचे चिरंजीव सत्तावीस वर्षांचे असून हिंजवडीस नोकरी करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या पगारातून, हप्त्याने, एक वेगवान मोटारसायकल घेतली. ती दारात उभी राहिली त्या दिवशी आम्ही पेढा खाल्ला, पण तोंडातून चांगला शब्द काढला नाही. पुढे ते तिच्यासह शर्यतीच्या मार्गावर जाऊन आले आणि कोपर खरचटून परतले, तेव्हा आम्ही असे एक वाक्य बोलून गेलो की, जे येथे लिहिण्याचीही आम्हांस लाज वाटते. तेव्हापासून आमच्या घरात पाऊस, राजकारण, आंब्यांचा भाव या सर्व विषयांवर चर्चा होई. मोटारसायकल हा शब्द मात्र कोणी उच्चारीत नसे. अशा स्थितीत एके संध्याकाळी चिरंजीव आमच्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, गाडीचे टायर बदलायचे झाले आहेत. कोणते घ्यावेत, जरा वाचून सांगाल का?"

त्यांस आमच्या सल्ल्याची यत्किंचितही गरज नव्हती, हे न समजण्याइतके आम्ही भोळे नाही. परंतु बंद दाराची कडी कोणी आतून काढली म्हणजे शहाण्याने कारण विचारीत बसू नये. आम्ही चष्मा लावला आणि वाचावयास बसलो.

प्रथम प्रश्न नीट समजावून घेतला. चिरंजीवांच्या गाडीस दोन आयुष्ये आहेत. पहिले रोजचे: धायरीहून निघून बाह्यवळणाच्या महामार्गाने हिंजवडीस जाणे आणि रात्री परत येणे. दुसरे वर्षातून दोनच दिवसांचे: चेन्नईजवळ, श्रीपेरुंबुदूरच्या परिसरात इरुंगाट्टुकोट्टै येथे १९९० साली सुरू झालेला शर्यतीचा मार्ग आहे, तेथे जाणे. तेथे शर्यत नसते त्या दिवशीही काही शुल्क भरून हौशी लोकांस आपली गाडी मनसोक्त चालविता येते. यालाच ती मंडळी 'ट्रॅक डे' म्हणतात. आणि गंमत अशी की, आमच्या नवले पुलाखालून-वरून जो ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो, तोच सातारा, कोल्हापूर, बेंगळुरू करीत सरळ त्या मार्गाच्या परिसरापर्यंत पोहोचतो. सबब चिरंजीव गाडी ट्रकवर चढवून नेत नाहीत; सुमारे साडेअकराशे किलोमीटर तीच चालवीत जातात, तिच्यावरच दोन दिवस फेऱ्या मारतात आणि तिच्यावरच परत येतात. वहाणांचा जोड एकच का हवा, याचे उत्तर हे.

वाचावयास बसलो ते इतिहासापासून. ती आमची खोड आहे. हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट टॉमसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली नोंदविली होती, परंतु ती कोणाच्या कामी आली नाही आणि विस्मृतीत गेली. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलप या गुरांच्या डॉक्टराने तीच कल्पना नव्याने शोधून काढली. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार आदळे. ते धक्के कमी व्हावेत म्हणून बापाने रबराची नळी करून तीत हवा भरली. त्यास मिळालेला हक्क टॉमसनच्या जुन्या नोंदीमुळे पुढे रद्द झाला, तरी जगात चाललेला टायर तो डनलपचाच. हे वाचून आम्ही पुस्तक क्षणभर मिटले. मुलाच्या चाकाची चिंता करणारा पहिला बाप आम्ही नव्हे, एवढे समाधान त्यातून मिळाले.

मग चिरंजीवांनी आम्हांस अंगणात नेऊन टायर वाचावयास शिकविले. आम्ही आयुष्यभर वाचन शिकविले, पण रबरावर इतका मजकूर असतो हे आम्हांस ठाऊक नव्हते. मागील चाकावर १५०/६० आर १७ असे लिहिले होते. म्हणजे रुंदी १५० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या शेकडा ६०, आतील धागे आडवे म्हणजे रेडियल पद्धतीचे, आणि आतल्या चाकाचा व्यास १७ इंच. त्यापुढील ६६ हा आकडा तो टायर ३०० किलोग्रॅम भार सोसतो असे सांगतो; आणि एच हे अक्षर तासाला २१० किलोमीटर ही मर्यादा दाखविते. ही मर्यादा वाचून आमच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून चिरंजीवांनी घाईने पुढचा मजकूर दाखविला. एका लांबट चौकटीत चार आकडे होते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायरची ही जन्मतिथी. रबर न वापरताही म्हातारे होते, म्हणून दुकानात नवा म्हणून मिळणारा टायर खरोखर किती नवा आहे, हे येथे पाहावे. शेवटी त्यांनी नक्षीच्या खाचांमधील बारीक उंचवटे दाखविले. टायर झिजून या उंचवट्यांच्या बरोबरीस आला म्हणजे त्याचे आयुष्य संपले. त्या दिवशी मधल्या पट्ट्यावर ते जवळजवळ बरोबरीस आलेले होते. कडांस मात्र पुष्कळ रबर शिल्लक होते. सरळ महामार्गाने मध्य खाल्ला होता. ट्रॅकवर गाडी वळणात कलंडते, तेथे कडा झिजतात.

एक गोष्ट त्या अंगणात आम्हांस प्रथमच उमगली. एवढी मोठी गाडी, तिच्यावर आमचा मुलगा, आणि जमिनीस टेकणारे रबर प्रत्येक चाकाचे तळहाताएवढे! बाकी सर्व यंत्र काय ते त्या दोन तळहातांवर भरवसा ठेवून असते.

आता त्या तळहाताचा गुण. रबर थंड असता कडक असते, तापले म्हणजे नरम होते आणि रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरून त्यांस धरून ठेवते. अति तापले म्हणजे मात्र लिबलिबीत होऊन पुन्हा घसरू लागते. पण प्रत्येक मिश्रणाची पकडीची उष्णता निराळी. शर्यतीचे रबर ऐंशीएक अंशांपर्यंत तापल्यावाचून नीट पकडत नाही. म्हणून शर्यतीपूर्वी त्या टायरांस विजेची दुलई पांघरून ऊब देतात. रस्त्याचे रबर थंडीतही काम करते, पण वळणावळणांवर तासाच्या तास रगडले असता दमते. थोडक्यात, जो टायर पराक्रमाच्या वेळी थोर, तो सकाळी साडेआठास धायरी फाट्यावर निरुपयोगी. आणि जो धायरी फाट्यावर विश्वासू, त्यास पराक्रमाच्या वेळी धाप लागते. अशा दोन्ही जातींचे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत.

या दोन टोकांमध्ये चढत्या क्रमाने पायऱ्या आहेत. पहिली, केवळ लांब प्रवासाच्या टायरची. रबर कडक, आयुष्य दीर्घ. दुसरी, प्रवासात थोडी चपळाई मिसळलेल्याची. तिसरी, रस्त्यावरच्याच पण चपळ टायरची; यात मधला पट्टा कडक आणि कडा नरम अशी दोन मिश्रणे असतात, म्हणजे महामार्ग मध्यावर सोसावा आणि वळण कडांनी धरावे. चौथी, ट्रॅकसाठीच केलेल्या परंतु रस्त्यावर चालविण्यास मुभा असलेल्या टायरची. यावर खाचा नावापुरत्या असतात. पाचवी, अगदी गुळगुळीत शर्यतीच्या टायरची, जो रस्त्यासाठी नव्हेच. खाचा या शोभेसाठी नसून पाणी बाहेर टाकण्यासाठी असतात, हे आम्हांस येथे कळले. ओल्या रस्त्यावरील पकड वाढावी म्हणून हल्ली रबरात सिलिका घालतात. म्हणजे वाळूचा जो मुख्य घटक तोच. ज्या वाळूवरून गाडी घसरते तिचीच सख्खी बहीण टायरच्या पोटात राहून ती सावरते, हा योग मोठा मौजेचा आहे.

पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या पायरीविषयी मतभेद नव्हता. भांडण तिसरी की चौथी, एवढ्यावर येऊन ठेपले. चिरंजीवांचा ओढा चौथीकडे होता. आम्ही कागदावर हिशेब मांडला. कामाचे दिवस २४०, रोजचे ४५ किलोमीटर, म्हणजे वर्षाचे १०,८००. चेन्नईची ये-जा २,३००. ट्रॅकची एक फेरी ३.७ किलोमीटरांची, दिवसास तीस फेऱ्या धरल्या तर दोन दिवसांत २२२. एकूण तेरा हजारांवर किलोमीटरांत ट्रॅकचे शेकडा दोनसुद्धा भरत नाहीत. मग त्या दोनांसाठी अठ्ठ्याण्णवांवर अन्याय का? त्यातून आमचा रस्ता कसा! धायरी २०१७ साली महापालिकेत आली, पण रस्त्यांच्या मनातून खेडे अजून गेलेले नाही. काँक्रीटच्या मिक्सरांतून सांडलेली कच, टँकरांच्या मागे ठिबकणारे पाणी, चेंबरची झिजून चकचकीत झालेली झाकणे, आणि उलट दिशेने येणारे सज्जन. ट्रॅकवर यांपैकी काही नसते. तेथे सर्वजण एकाच दिशेने जातात, रस्ता झाडलेला असतो आणि रुग्णवाहिका तयार उभी असते.

चिरंजीवांनी हिशेब लक्षपूर्वक पाहिला आणि म्हणाले, "बाबा, धोका किलोमीटरांवर मोजता येत नाही. त्या दोन टक्क्यांत टायरकडून जे मागतो, ते बाकीच्या वर्षात कधीच मागत नाही. आता तुमचंच बघा. स्कूटरवर इतकी वर्षं हिंडलात, पडलात एकदाच; आणि तेही रस्त्यावर तेल सांडलं होतं म्हणून."

हे म्हणताना त्यांचा हात सहज आपल्या हनुवटीकडे गेला. तेथे एक पांढरा व्रण आहे.

येथे आम्हांस थांबावे लागले. ती हकीकत २००१ सालची. तेव्हा आमचे बिऱ्हाड सदाशिव पेठेत होते. मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून आम्ही रविवारी सहकुटुंब खडकवासल्यास निघालो. सौभाग्यवती मागे, आणि तीन वर्षांचे चिरंजीव पुढे हँडल धरून उभे. किरकटवाडी फाट्याजवळ एक कुत्रे आडवे आले, आम्ही ब्रेक दाबला, आणि मागचे चाक जे सरकले ते आम्हां तिघांस रस्त्यावर झोपवूनच थांबले. सौभाग्यवतींचे मनगट मोडले, चिरंजीवांच्या हनुवटीस चार टाके पडले. आम्हांस मात्र काही झाले नाही. दवाखान्यात कोणी विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, रस्त्यावर तेल होते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर येते, हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे कोणी शंका घेतली नाही. पुढे तीच घरातली कथा झाली.

वास्तविक तेल नव्हते. मागच्या टायरवर नक्षी म्हणून औषधालाही उरली नव्हती. त्या स्कूटरची तिन्ही चाके, म्हणजे पुढचे, मागचे आणि बरोबरचे जादा, एकाच मापाची असत. ती आम्ही आलटून पालटून लावीत असू आणि या काटकसरीचा आम्हांस अभिमानही होता. पण पाळीपाळीने झिजणाऱ्यांचा शेवटही एकदमच येतो, हे लक्षात आले नाही. किंबहुना आले होते. मे महिन्यात टायरसाठी पैसे बाजूस काढले होते, आणि त्याच आठवड्यात अप्पा बळवंत चौकात एका मोठ्या इंग्रजी कोशाचा जुना संच स्वस्तात मिळत होता. आणखी एक महिना निघेल, असे म्हणून आम्ही तो संच घरी आणला. तो अद्याप आमच्या कपाटात आहे. ही सर्व गोष्ट चोवीस वर्षांनंतर, टायरच्या यादीवर नजर ठेवून, आम्ही चिरंजीवांस सांगितली.

ते काही बोलले नाहीत. बोलल्या त्या सौभाग्यवती. त्या आत कणीक मळीत होत्या, त्या तशाच हाताने दारात येऊन म्हणाल्या, "अहो, तेल असतं तर माझ्या साडीला लागलं नसतं का? एका हाताने मीच धुतली होती ती साडी. नुसता चिखल होता." इतके म्हणून त्या आत गेल्या. म्हणजे ज्या गोष्टीस आम्ही चोवीस वर्षे गुपित समजत होतो, ती त्यांस पहिल्या धुण्यालाच कळली होती.

थोड्या वेळाने चिरंजीवांनी विचारले, "मग तुमचं म्हणणं काय, बाबा?"

आमचे म्हणणे त्या क्षणी आम्हांसही नव्यानेच सुचले. चौथ्या पायरीचा टायर वाईट म्हणून नव्हे, तर तो लवकर संपतो म्हणून आम्हांस त्याची भीती वाटत होती. नरम रबर काही हजार किलोमीटरांतच झिजते. मग हप्ता भरावयाचा असतो, घरात कोणाचे तरी लग्न निघते, किंवा कोठे तरी कोश स्वस्त मिळतो. आणि मनुष्य त्या उंचवट्यांकडे पाहून म्हणतो, आणखी एक महिना निघेल. जो बाप हे वाक्य बोलला, त्याच्या मुलाच्या तोंडी ते येणारच नाही याची शाश्वती काय? म्हणून टायर घेताना त्याची पकड पाहावी, जन्मतिथी पाहावी, आणि तो संपेल त्या दिवशी दुसरा घेण्याची आपली ऐपत आहे की नाही, हेही पाहावे. ज्याचा शेवट परवडेल असाच जोड घ्यावा.

चिरंजीव हसले. म्हणाले, "तिसरी पायरी, दोन मिश्रणांची. ट्रॅकवर तो तापून घसरायला लागला, तर तो हळूहळू सांगतो. तेव्हा बाजूला घेऊन थांबेन. थंड रस्त्यावर शर्यतीचा टायर न सांगताच सोडतो." हे तात्पर्य त्यांस आधीपासून ठाऊक होते की तेथे सुचले, हे आम्ही विचारले नाही. उलट आणखी दोन गोष्टी ठरल्या. ट्रॅकवर टायर तापून आतील हवेचा दाब वाढतो, म्हणून तेथे उतरताना टायरवाल्यांच्या शिफारशीप्रमाणे थोडी हवा काढतात; ती परतीच्या रस्त्यास लागण्यापूर्वी पुन्हा भरल्याचे घरी फोन करून कळवावयाचे. आणि पुढे ट्रॅकचे दिवस वाढलेच, तर एकाच जोडाची ओढाताण न करता शर्यतीचे टायर चढविलेली चाकांची निराळी जोडी करावयाची.

शनिवारी उभयता सिंहगड रस्त्यावरील एका दुकानी गेलो. भिंतीवर देशी-परदेशी नावांची रांग होती; आम्ही तिला नमस्कार करून सरळ चार आकड्यांची चौकट वाचावयास लागलो, तेव्हा दुकानदाराने आमच्याकडे आदराने पाहिले. जोड अडीच महिन्यांपूर्वीचा निघाला. त्याने जुना टायर यंत्रावर काढला, नवा चढविताना बाजूवरील बाण चाकाच्या दिशेशी आणि पिवळा ठिपका वाल्वशी जुळविला, चाक फिरवून तोल पाहिला, आणि शिशाचे इवलेसे वजन एका बाजूस चिकटविले. जुना टायर तो आतल्या ढिगावर टाकणार, तेवढ्यात आम्ही तो हातात घेऊन मधल्या पट्ट्यावरून बोट फिरविले. उंचवटे लागत होते. पण त्यांच्या वर अजून केसभर रबर होते. चिरंजीवांनी महिना निघण्याची वाट पाहिली नव्हती.

"सर, पहिले दीडशे किलोमीटर सांभाळून," दुकानदार म्हणाला, "नव्या टायरचं अंग गुळगुळीत असतं. जरा रस्त्याला घासू द्या."

चिरंजीवांनी जादा हेल्मेट बरोबर आणले होते, हे आम्हांस तेव्हा दिसले. मोटारसायकलीचे मागचे आसन आमच्या वयाच्या मनुष्यासाठी केलेले नाही, एवढेच आम्ही त्याविषयी सांगू. नांदेड फाटा मागे पडला तेव्हा पाऊस भुरभुरू लागला. गाडी हळू चालली होती. रिक्षासुद्धा आम्हांस मागे टाकून जात होत्या. किरकटवाडी फाट्याजवळ चिरंजीवांनी वेग आणखी कमी केला आणि मान थोडी वळवून विचारले, "इथेच ना?"

आम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते समजले, आणि गाडी तशीच सावकाश खडकवासल्याकडे निघाली.